फुकटची खोली

बेळगावच्या माणसाला गोव्याला जायला निमित्त लागत नाही. कुणाची कुलदेवता मंगेशीला, कुणाची कवळ्याला, कुणाची म्हार्दोळला. निम्म्या गावाची सोयरीक फोंडा-म्हापशाकडे. आपली भाजी रोज पहाटे घाट उतरते आणि तिकडची मासळी घाट चढून येते. आमच्या लहानपणी ‘गोव्याला जाऊन आलो’ म्हटलं की देव, समुद्र आणि काजू एवढंच डोळ्यांपुढे यायचं. मोठ्या माणसांच्या बाबतीत पिशवीत तळाला एखादी बाटली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या यादीत कॅसिनोची भर पडली. शनिवारी दुपारी चोर्ल्याच्या रस्त्याला उभं राहावं आणि केए-२२च्या गाड्या मोजाव्यात. त्यांतल्या सगळ्याच काही देवाला निघालेल्या नसतात.

कॅसिनोच्या हॉटेलात मुक्काम करण्याचा योग मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आला. डिसेंबर २०२५ मध्ये, नाताळच्या तोंडावर. बोलावणं मेहुण्याचं होतं. उद्यमबागेत त्याची फाउंड्री आहे, व्हॉल्व्हचे आणि पंपाचे भाग ओततो. माणूस कष्टाळू आणि हाताचा मोकळा. भट्टीतल्या रसाचा रंग बघून ओतायची वेळ झाली की नाही हे तो मीटर न बघता सांगतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. फोनवर म्हणाला, “भावजी, दोन खोल्या आहेत, दोन रात्री. जेवणखाण सगळं त्यांचं. एक पैसा द्यायचा नाही. ताईला घेऊन या.”

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. ‘एक पैसा द्यायचा नाही’ हे वाक्य ऐकलं की आमच्या जातीच्या माणसाला जरा खाज सुटते. नाताळच्या हंगामात पणजीत साधी खोली मिळायची मारामार, आणि या माणसाला नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात दोन खोल्या फुकट?

दुसरंही एक कारण होतं. येळ्ळूर रस्त्याकडे सासऱ्यांचं सव्वा एकर भातशेत आहे. सासूबाई आधी गेल्या, मग सासरे मृत्युपत्र न करता गेले. विक्रीच्या कागदावर दोघाही भावंडांची सही लागते. नव्या भट्टीसाठी भांडवल हवं म्हणून मेहुण्याने ते विकायचं काढलं होतं आणि सौभाग्यवतीची सही तेवढी राहिली होती. ती सही करणारच होती. मधेच एक दिवस वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. वहिनी धारवाडच्या, माहेर कन्नड. मराठी उत्तम बोलतात, पण काळजीत असल्या की क्रियापद जरा अडखळतं. “ताई, हे महिन्यातून दोनदा गोव्याला जातात. फाउंड्रीच्या कामाला म्हणतात. गोव्यात फाउंड्रीचं काय काम असतंय?” मग थोड्या वेळाने, “भावजींना एकदा बरोबर जाऊ दे की.”

तर असे आम्ही चौघे निघालो. मुलं आजोळी धारवाडला.

जांबोटी सोडलं की थंडी खरी लागते. कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा तोंडातून वाफ येत होती. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे आपल्या बाजूला वळते. म्हादईचा उगम याच खानापूर तालुक्यातल्या देगावकडचा, ती मात्र पश्चिमेकडे गोव्यात उतरते. या पाण्यावरून दोन राज्यांचं भांडण किती वर्षांचं आहे ते इथल्या वाचकांना सांगायला नको. २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, तरी वाद मिटलेला नाही. म्हादईचंच नाव खाली मांडवी. म्हणजे आमच्या मेहुण्याचं जहाज ज्या पाण्यावर तरंगतं ते पाणी खानापूर तालुक्यातून वाहत गेलेलं. हे मी बोलून दाखवल्यावर तो हसला. म्हणाला, “बघा भावजी, पाणी पण तिकडंच जातंय.” वहिनी हसल्या नाहीत.

घाट उतरून साखळीला आलो आणि स्वेटर डिकीत गेले. गोव्याचा हिवाळा म्हणजे आपला फेब्रुवारीचा शेवट.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. दारात दोघांनी नमस्कार केला, तिसऱ्याने गळ्यात माळ घातली, चौथ्याने कोकमाचं सरबत दिलं. काउंटरवरच्या मुलीने माझं आधार कार्ड मागून घेतलं, सौभाग्यवतीचं घेतलं, वहिनींचंही घेतलं. मेहुण्याकडे काही मागितलं नाही. “वेलकम बॅक सर,” एवढंच म्हणाली आणि दोन चाव्या पुढे केल्या. वहिनी त्या मुलीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

खोली सातव्या मजल्यावर. पलंग एवढा की आमच्या घरातलं अख्खं कुटुंब आडवं झोपावं. टेबलावर फळांची टोपली आणि मेहुण्याच्या नावाने छापलेलं स्वागताचं कार्ड. काचेपलीकडे मांडवी, पैलतीरी बेतीची झाडी, आणि मधे पाण्यात एकामागोमाग एक उभी कॅसिनोची जहाजं. दिवसा ती मळकी, थकलेली दिसतात, जत्रेनंतरच्या पाळण्यासारखी. अंधार पडला की तीच लाल-निळी-जांभळी होतात आणि नदीचं पाणीही तसंच होतं. डाव्या हाताला बांदोडकर मार्गावर जुनं सचिवालय आहे, मूळचा आदिलशहाचा वाडा. चारशे-पाचशे वर्षांची ती इमारत समोरच्या रंगीत उजेडात अशी दिसते की, लग्नघरात कोपऱ्यात बसवलेली म्हातारी आठवावी.

ही जहाजं पाण्यातच का, हा प्रश्न मला पहिल्यापासून होता. उत्तर कायद्यात आहे. आपल्या राज्यघटनेत जुगार हा राज्यांच्या यादीतला विषय. गोव्याचा सार्वजनिक जुगारबंदीचा कायदा १९७६चा, त्या वेळी दमण आणि दीवही त्यात होते. १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत नाणी टाकून खेळायच्या यंत्रांना परवानगी मिळाली आणि १९९६ मध्ये जहाजावर टेबलावरच्या खेळांना. म्हणजे हॉटेलात यंत्र चालेल. माणसाने माणसाला पत्ते वाटायचे तर पाण्यात जायला हवं. आता जहाज म्हटलं की ते समुद्रात जात असेल असं कुणालाही वाटेल. ही जहाजं कुठे जात नाहीत. नांगर टाकून नदीतच उभी असतात आणि काठावरून छोट्या बोटीने पाच-सात मिनिटांत तिथे पोचता येतं. त्यांना मांडवीतून हलवण्याची भाषा अनेक सरकारांनी केली, महिलांच्या संघटनांनी मोर्चे काढले, आणि दर वेळी मुदतवाढ मिळत गेली. महाराष्ट्रात याच्या नेमकं उलट घडलं. तिथेही १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा झाला, पण तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. एकाच साली दोन शेजाऱ्यांनी कायदे केले. एकाने जुगार बंद करायचा केला आणि तिथे कॅसिनो आले. दुसऱ्याने कॅसिनो आणायचा केला आणि तिथे आलेच नाहीत. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते मला विचारतात, सर, परीक्षेत येणार का?

संध्याकाळी सौभाग्यवतीचा म्हापशाचा मावसभाऊ भेटायला आला. हॉटेलच्या दिवाणखान्यात चहा झाला. मेहुणा त्याला जहाजावर चल म्हणाला तर त्याने हात जोडले. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने गोवेकरांना कॅसिनोत प्रवेशबंदी केली आहे. ती किती कडक पाळली जाते हा भाग वेगळा, पण कायद्यात ती आहे. मी म्हटलं, हे काय, तुमच्याच दारात आणि तुम्हालाच मज्जाव? तो शांतपणे म्हणाला, “हें आमचे खातीर न्हय रे, तुमचे खातीर.” आमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. या वाक्यात मला थोडा टोमणा वाटला, थोडी कीवही. आपल्या पोरांना घरात घेऊन दार लावायचं आणि पाहुण्यांसाठी अंगणात फड मांडायचा, असा हा प्रकार आहे. सीमेच्या वादात वाढलेल्या आपल्यासारख्यांना सीमा म्हणजे भाषेची पाटी आणि मोर्चा एवढंच माहीत. सीमेचा असाही एक उपयोग असतो.

रात्री नऊला आम्ही बोटीने गेलो. दोघी आल्या होत्या, पण तासाभरात परतल्या. जहाजाच्या आतलं वर्णन फार करत नाही, सिनेमात सगळ्यांनी पाहिलंय. खिडकी नाही, घड्याळ नाही, जेवण भरपूर, एका मजल्यावर नाचगाणं, मुलांना ठेवायला वेगळी खोली. एकवीस वर्षांखालच्यांना खेळाच्या जागी मनाई. पत्ते वाटणारी मुलं-मुली बहुतेक ईशान्येकडची, बोटं अशी चालतात की सतारवादकाने बघत राहावं. मला आश्चर्य वाटलं ते भाषेचं. माझ्या उजव्या हाताला तेलुगू, डाव्या हाताला गुजराती, मागे कोल्हापुरी मराठी, आणि सगळ्यांच्या वरून हुबळीकडचं खणखणीत कन्नड. तेवढ्यात पाठीवर थाप पडली. “एन्री सर, नीवू इल्ली?” वळून बघतो तर माझा जुना विद्यार्थी, गोकाककडचा, आता सिमेंटचा व्यापार करतो. तो लाजला नाही. मीच खिशातल्या चिप्स मुठीत घट्ट धरल्या. “नोडाक बंदेनी,” म्हटलं, बघायला आलोय. तो म्हणाला, “एल्लारू हंगं हेळ्तारी सर.” सगळे असंच सांगतात!

सगळ्यात मोठी गर्दी होती अंदर-बाहरच्या टेबलाभोवती. हा खेळ आपल्याला ठाऊक आहे. एक पान उघडं करायचं, मग डाव्या-उजव्या बाजूला एकेक पान टाकत जायचं, तसलंच पान ज्या बाजूला पडेल ती जिंकली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आठवड्यातून एकदा तरी बातमी असते: अमुक गावात झाडाखाली अंदर-बाहर खेळणाऱ्या इतक्या जणांना अटक, रोख इतके रुपये व मोबाईल जप्त. तोच खेळ, तीच पानं, कदाचित तीच माणसं. घाटाच्या वर फौजदार येतो, घाटाच्या खाली वेटर सूप घेऊन येतो.

हिशोबाची सवय असल्यामुळे मी कागदाच्या रुमालावर आकडेमोड केली. अंदर-बाहरमध्ये पहिलं पान ज्या बाजूला पडतं तिला किंचित जास्त संधी असते, शंभरात साधारण ५१.५. म्हणून त्या बाजूला शंभर लावून जिंकलात तर शंभर मिळत नाहीत, नव्वद मिळतात. त्या दहात सगळी मेख. रुलेटच्या ज्या चाकापाशी मी उभा होतो त्याला शून्य ते ३६ असे ३७ खाने होते. एका आकड्यावर लावलेले पैसे जिंकल्यास ३५ पट मिळतात. खरा न्याय ३६ पटींचा असायला हवा. तेवढाच फरक, सरासरी शंभरामागे २ रुपये ७० पैसे. आपल्या मटक्याशी तुलना केली तर हा साव म्हणावा. मटक्यात दहा आकड्यांतला एक लागला तर दहाच्या जागी नऊ पट मिळतात, म्हणजे शंभराला दहा रुपये गेलेच. मग मटक्यात माणूस जितका बुडतो त्याहून इथे कमी बुडायला हवा. तसं होत नाही. मटक्याचा आकडा दिवसातून एक-दोनदा उघडतो. इथलं चाक तासाला चाळीस वेळा फिरतं. दर फेरीला हजार रुपये लावणारा माणूस तासाभरात चाळीस हजार फिरवतो आणि सरासरीने हजार-अकराशे सोडतो. सहा तास बसला तर साडेसहा हजार. पाच हजाराने खेळला तर एका रात्रीत बत्तीस हजार. जिंकणारेही असतात, नाही असं नाही. माझ्यादेखत एका सुरतकराने दोन लाख उचलले आणि टाळ्या झाल्या. हरणाऱ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे जहाजावर सतत कुणीतरी जिंकतंय असंच ऐकू येतं.

त्यात सरकारचाही हात आहे. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेतानाच पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. लोक कमी होतील म्हणे. त्या रात्री टेबलापाशी मला उभं राहायला जागा शोधावी लागली.

मेहुणा अंदर-बाहरला बसला होता. मी त्याच्यामागे सव्वा तास उभा होतो आणि त्याने एकदाही मागे बघितलं नाही. घरी बोलून बोलून कान किटवणारा हा माणूस इथे एक शब्द बोलत नव्हता. दहा हजार लावले, गेले. दहा लावले, आले. वीस लावले. चेहऱ्यावर काही नाही, हर्षही नाही. भट्टीपाशी तो असा उभा नसतो. तिथे कामगारांना शिव्या देतो, कपाळावरचा घाम बाहीला पुसतो, ओतकाम नीट उतरलं की पोरासारखा खूश होतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘मृच्छकटिक’मध्ये (देवल आपल्या बेळगावात शिकलेले, हा अभिमान आहेच) जुगारात हरून पळणारा संवाहक आहे. तो निदान पळतो, लपतो, लोकांना हसवतो. इथे कुणी पळत नव्हतं. खुर्च्या मऊ होत्या.

टेबलाच्या पलीकडे सूट घातलेला एक इसम हातात टॅब घेऊन उभा होता. मधूनमधून मेहुण्याकडे बघून काही टिपत होता. मी सहज विचारलं, काय लिहिता? तो अत्यंत अदबीने म्हणाला, “सरांना त्यांचे पॉइंट मिळतात ना, सर.” पुढचं मला त्याने न सांगता कळलं. जगभरच्या कॅसिनोंत हीच पद्धत आहे. माणूस सरासरी किती लावतो, किती वेळ बसतो, त्या खेळात घराचा वाटा किती, या तिन्हींचा गुणाकार करायचा. तो गुणाकार म्हणजे हा गिऱ्हाईक आपल्याला किती देणार याचा अंदाज. त्या अंदाजाचा एक हिस्सा खोली, जेवण, गाडी, फळांची टोपली या रूपाने परत करायचा. त्या रात्री तो जिंकला की हरला याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. सरासरी त्यांच्या बाजूची आहे आणि त्यांना घाई नाही.

मग मला आमच्या खोलीचा अर्थ लागला. फुकटची खोली हा मेहुण्याच्या खात्याचा उताराच होता. वाचता यायला हवा, एवढंच.

रात्री दीडला मी एकटाच परतलो. सौभाग्यवती जागी होती. मी तिला रुमालावरची आकडेमोड दाखवली. ती बी.कॉम. आहे आणि तीस वर्षं घरखर्चाची वही ठेवते. तिला समजायला वेळ लागला नाही. “म्हणजे खोलीचं भाडं कळलं तर त्याचं नुकसान कळेल?” मी म्हटलं, अंदाज येईल. ती बराच वेळ खिडकीशी उभी होती. मेहुणा पहाटे पाचला आला, शेजारच्या खोलीचं दार वाजलं. आत काही बोलणं झालं नाही.

दुसरा दिवस आम्ही पणजी फिरण्यात घालवला आणि चौघांनीही तो विषय काढला नाही. महालक्ष्मीच्या देवळात गेलो, फोंतेन्यासच्या गल्ल्यांतून हिंडलो, मिरामारला नदी समुद्राला मिळते तिथे वाळूत बसलो. मेहुण्याने सगळ्यांना मासे खायला घातले, टॅक्सीवाल्याला जास्त पैसे दिले, वहिनींना कुणबी साडी घेऊन दिली. रात्री पुन्हा गेला. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, तुम्ही आज जाऊ नका.” मी गेलो नाही. खालच्या मजल्यावर हॉटेलातली यंत्रं होती, तिथे जरा फिरून आलो. एक साठीच्या बाई चष्मा नाकावर सरकवून एकेक बटण दाबत होत्या, जपमाळ ओढावी तशा. बाजूला त्यांचा नातू मोबाईलवर काही बघत भिंतीला टेकला होता. रखवालदाराने त्याला बाहेर नेलं, तरी आजीचं लक्ष नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी सौभाग्यवती एकटीच काउंटरवर गेली. मी लांबून बघत होतो. तिने त्या मुलीला मराठीत विचारलं, “आमच्या खोलीचं भाडं काय असतं हो?” मुलगी म्हणाली, मॅडम, तुमचं सगळं कॉम्प्लिमेंटरी आहे. “ते कळलं. नसतं तर?” मुलीने पडद्यावर बघून सांगितलं: चौदा हजार एका रात्रीचे, कर वेगळा. सौभाग्यवतीने हॉटेलच्याच पेन्सिलीने हॉटेलच्याच कागदावर लिहून घेतलं. दोन खोल्या, दोन रात्री, छप्पन्न हजार.

नाश्त्याच्या टेबलावर तिने तो कागद भावापुढे ठेवला. तिने आवाज चढवला नाही. “हे लोक तुझ्या नुकसानीतला तिसरा हिस्सा तुला परत देतात असं धरू. मोठ्या मनाचे आहेत असं समजू. तर एका खेपेला एक लाख अडुसष्ट हजार. महिन्यातून दोन खेपा. किती वर्षं चाललंय?”

तो आधी हसला. म्हणाला, ताई, भावजींनी तुला गणित शिकवलं वाटतं. नंतर इडलीचा तुकडा मोडत बसला. वहिनींनी कन्नडमध्ये विचारलं, “एष्ट होगेद, हेळ्री.” त्या दोघांचं आपसातलं बोलणं नेहमी कन्नडमध्येच चालतं, प्रेमाचं असो की भांडणाचं. त्याने खाली बघूनच एक आकडा सांगितला, तोही कन्नडमध्ये, जणू आम्हा दोघांना कळणार नाही. चाळीस वर्षं बेळगावात काढल्यावर कुणाला कळत नाही? तो आकडा मी इथे छापत नाही. सव्वा एकराच्या किमतीच्या निम्म्याहून थोडा कमी होता.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “आणि नवी भट्टी?” त्याने उत्तर दिलं नाही.

सौभाग्यवतीने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. “सही मी करीन,” ती म्हणाली, “पण विक्रीच्या कागदावर नाही. तुझा वाटा हिच्या नावावर करायचा कागद आण. त्यावर उद्या करते. माझा वाटा आहे तिथं राहू दे. अप्पांच्या शेतात पुढच्या पावसाळ्यात भात लागलं पाहिजे.”

“बघू,” तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही. गाडी तोच चालवत होता, आणि चालवायला तो चांगला आहे, वळणावर कधी घाई करत नाही. साखळी सोडून घाट लागायच्या जरा आधी त्याचा फोन वाजला. रस्ता बघायला तो वहिनींच्या हातात होता. मेसेज हॉटेलचा होता. एकतीस डिसेंबरसाठी दोन खोल्या त्याच्या नावाने राखून ठेवल्या होत्या, सकुटुंब यावं अशी विनंती होती. वहिनींनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

“डिलीट कर,” तो म्हणाला.

वहिनींनी बोट पुढे नेलं. दोन वळणं गेली असतील.

“नको, राहू दे,” तो म्हणाला. “घरी गेल्यावर मीच करतो.”

वहिनींनी फोन पदराखाली धरला आणि चोर्ला येईपर्यंत तो परत दिला नाही.